अकरा पिल्लांची नोंद

सोमवार, १६ मार्च. सकाळी साडेसहाला उठले. हवा कोरडी. दूध एक लिटर. सूनबाईंच्या चपलेचा पट्टा तुटला, दुरुस्तीला दिली, गुरुवारी मिळेल. दुपारी मुलाचे तीन शर्ट इस्त्री केले. एकाचं बटण गेलं होतं, डब्यातलं दुसरं लावलं. बाकीची पांढरी आहेत, हे किंचित पिवळट. कुणाच्या लक्षात येणार नाही. संध्याकाळी नात लवकर आली. भांडी पुसता पुसता तिने विषाणूंबद्दल सांगितलं. वाटाणे भिजत घातले, दोन वाट्या. निळी वही काढली.

एवढं लिहून कार्डताईंनी पेनाला टोपण लावलं. निळी वही का काढली, ते काही लिहिलं नाही. मिशनच्या शाळेत असताना सिस्टरने बजावलं होतं, "जे घडलं ते आजच्या आज लिही. उद्या लिहायला बसलीस तर ते तुझ्या सोयीचं होऊन बसेल." त्या एका वाक्यापायी ताईंनी त्रेपन्न वह्या भरल्या होत्या. लग्न, बाळंतपण, नवऱ्याचं आजारपण, त्याचं जाणं, सगळं त्या त्या तारखेला, ओळीवर ओळ, रेषेच्या बाहेर एक काना न जाता. खोटं एकाही पानावर नव्हतं. खोटं त्या बोलल्या होत्या ते फक्त तोंडाने, आणि तेही एकदाच.

कार्डताई हे नाव त्यांना प्राणिघरात पडलं. शहराबाहेरच्या रस्त्यावर रोगांवर संशोधन करणारी एक संस्था होती. तिच्या मागच्या अंगाला एक लांबट, बुटकी इमारत होती, खिडक्यांना दुहेरी जाळी. आत उंदीर. घरातले करडे, चोरटे उंदीर नव्हेत. पांढरे, लाल डोळ्यांचे, प्रयोगासाठी पैदास केलेले. लोखंडी मांडण्यांवर पिंजरे, पिंजऱ्यात लाकडाचा भुसा, वर उलट्या टांगलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि प्रत्येक पिंजऱ्याला एक कार्ड. आईबाप कोण, जन्म कधी, पिल्लं किती, मेली किती. ताईंना नोकरी मिळाली ती या कार्डांसाठी. मुलाखतीत त्यांना दोन ओळी लिहायला सांगितल्या आणि मोठे साहेब कागद उजेडात धरून म्हणाले, "हे हाताने लिहिलंय?"

तेव्हा त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या. नवरा बांधकामावरून पडून सहा महिने प्लास्टरमध्ये होता, मुलगा दहा महिन्यांचा. घरात एकाच माणसाचे पाय चालत होते, ते ताईंचे.

प्राणिघराचे मुकादम बोलायला रांगडे, पण माणूस वाईट नव्हता. उंदरांचा वास मारणारी भुशाची पोती स्वतः उचलायचे, ताईंना उचलू द्यायचे नाहीत. कामाचा त्यांचा एकच नियम होता, पिंजरा पुरा पाहिजे. एखाद्या आईला पिल्लं कमी झाली की दुसरीची जास्तीची पिल्लं तिच्याकडे घालायची. त्याची एक रीत होती. नवी पिल्लं आधी त्या आईच्या भुशात हलकेच घोळवायची, म्हणजे तिला स्वतःच्या घराचा वास येतो आणि ती त्यांना जवळ घेते. ताईंचा हात यात इतका बसला होता की मुकादम म्हणायचे, "ताई, तुम्ही घातलेलं पिल्लू उंदरीण काय, मांजरसुद्धा पाजेल."

सर्वसाधारण उंदरांत या रीतीने काही बिघडत नसे. पण दुसऱ्या मांडणीवरचे उंदीर सर्वसाधारण नव्हते.

ती मांडणी छोट्या मॅडमची. मोठे साहेब मोठे, म्हणून त्या छोट्या. तशा त्या ताईंहून दोनच वर्षांनी लहान. अंगाने काटकुळ्या, चालायच्या मात्र गाडी सुटत असल्यासारख्या. दारातूनच विचारायच्या, "ताई, माझी मंडळी कशी आहेत?" आणि ताई म्हणायच्या, "तुमची मंडळी जेवून झोपलीत, तुम्ही जेवलात का?" बहुतेक वेळा जेवलेल्या नसायच्या. मग भुशाच्या पोत्यावर बसून दोघी ताईंच्या डब्यातला पाव अर्धा अर्धा खायच्या.

तिथेच छोट्या मॅडमनी त्यांना समजावलं होतं. फ्लूचा विषाणू नाकात घातला की पांढरे उंदीर आठवड्याभरात मरतात. पण एकदा एक जोडी मेली नाही. मॅडमनी ती जोडी वेगळी ठेवली, तिची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, भावाबहिणींच्या जोड्या लावत पिढ्यामागून पिढ्या वाढवल्या. मग त्यातल्या तीस उंदरांच्या नाकात तोच विषाणू, त्याच मापाने घातला. तीसच्या तीस जगले. "यांच्या रक्तात काहीतरी आहे, ताई. आईबापांकडून आलेलं. ते काय आहे ते मला ठाऊक नाही, पण आहे."

मोठे साहेब म्हणाले, "एकदा होतो तो योगायोग. समितीसमोर पुन्हा करून दाखवा." छत्तीस उंदीर ठरले. सहा पिंजरे, प्रत्येकात सहा भावंडं.

पिल्लं चार दिवसांची होती तेव्हा रंगारी आले. समिती येणार म्हणून भिंती रंगवायचा हुकूम सुटला होता. दिवसभर पत्र्याने भिंत खरवडली. त्या आवाजाने उंदरिणी बिथरल्या, आणि बिथरलेली उंदरीण आपलीच पिल्लं खाते. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी पिंजरे मोजले, मग पुन्हा मोजले. अकरा पिल्लं नव्हती.

"छत्तीस तयार आहेत म्हणून वर कळवून झालंय," मुकादम म्हणाले. "चौथ्या मांडणीवर त्याच दिवशीची पिल्लं आहेत. घाला."

"अहो, पण ती साध्या घराण्यातली. मॅडमची मंडळी वेगळी."

"उंदराला काय आडनाव असतं? पांढरं ते पांढरं. आणि रंगाऱ्यांना आत सोडायच्या आधी पिंजरे हलवायचे होते, ते कुणी हलवले नाहीत? तुम्ही आणि मी. गेली तर दोघांची नोकरी जाईल."

मॅडम त्या दिवशी परगावी होत्या. चार दिवसांनी येणार होत्या. ताईंनी चौथ्या मांडणीवरून अकरा पिल्लं उचलली, दुसऱ्या मांडणीवरच्या भुशात घोळवली, आयांच्या पोटाशी सरकवली. आयांनी घेतली. कार्डावर "सहा" लिहिलेलंच होतं, ते तसंच राहिलं. तीन आठवड्यांनी पिल्लांच्या कानांना भोकं पाडून खुणा करायच्या असतात. कोणता उंदीर कोणता, हे त्यावरून कळतं. त्या खुणाही ताईंनीच केल्या, छत्तीसच्या छत्तीस कानांना, दुसऱ्या मांडणीच्या. तोवर आपली कोणती आणि परकी कोणती, हे त्यांनाही ओळखू येत नव्हतं. मात्र त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी निळ्या वहीत लिहिलं होतं. कोणत्या पिंजऱ्यात किती पिल्लं घातली, तेही.

मॅडमना सांगायचं त्यांच्या ओठांवर तीनदा आलं. एकदा मॅडम घाईत होत्या. एकदा मुकादम समोर होते. तिसऱ्यांदा कुणीच नव्हतं, आणि मॅडम पोत्यावर बसून पाव खात होत्या, आणि ताईंनी विचारलं, "आणखी थोडा देऊ?"

विषाणू दिल्यावर पाचव्या दिवशी पहिला उंदीर मेला. रोज सकाळी मेलेले बाहेर काढून कार्डावर फुली मारायचं काम ताईंचं. नवव्या दिवशी अकरावी फुली पडली. मग पडलीच नाही. उरलेले पंचवीस खुशाल धावत होते.

"छत्तीसपैकी अकरा," मोठे साहेब समितीपुढे म्हणाले. "याला प्रतिकार म्हणत नाहीत, नशीब म्हणतात. किंवा मापात गफलत. पहिल्या वेळी तुम्ही कमी घातला असेल, या वेळी काहींना जास्त." मग त्यांनी ताईंना बोलावलं. "पिंजऱ्यांत काही अदलाबदल? काही वेगळं घडलं होतं?"

मुकादम दाराशी उभे होते. मॅडम टेबलाच्या पलीकडे, दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून.

"नाही साहेब," ताई म्हणाल्या. "कार्डावर आहे तसंच."

साहेबांनी कार्ड उचलून समितीला दाखवलं. "हे अक्षर बघा. ही बाई चूक करेल?"

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती अशी. महिन्याच्या शेवटी छोट्या मॅडम नोकरी सोडून गेल्या. निघताना प्राणिघरात आल्या आणि ताईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमच्या कार्डांचे उपकार आहेत. त्यांच्यामुळे निदान एवढं तरी कळलं, की चूक माझीच होती." दुसरी मांडणी महिनाभरात रिकामी झाली. ते उंदीर कुणाला नको होते.

ही सगळी चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मुकादम वारले, मोठे साहेबही. ताई पुढे नोकरीत कायम झाल्या, निवृत्त झाल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी मनाला एक टेकू लावून ठेवला होता. कुणास ठाऊक, मॅडमचे उंदीरही मेले असते. मेलेले अकरा आपण घातलेले नसतील. विषाणूचं काय, कधी मारतो, कधी सोडतो. अकराला अकरा जुळले हाच योगायोग असेल. टेकू कच्चा आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या त्यावर कधी पुरतं अंग टाकत नसत. पण होता.

सोमवारी संध्याकाळी नातीने तो काढून घेतला, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

नात कॉलेजात जीवशास्त्र शिकते. तिला परीक्षेआधी मोठ्याने बोलून अभ्यास करायची खोड आहे आणि ऐकायला कुणीतरी लागतं. "आजी, तू फक्त हं म्हण," तिने ताट पुसत सुरुवात केली. "विषाणू म्हणजे काय? नुसता एक निरोप, वेष्टणात गुंडाळलेला. त्याला स्वतःचं घर नाही, चूल नाही. तो पेशीत घुसतो आणि तिच्याच सामानावर स्वतःच्या हजार प्रती काढून घेतो."

"आयत्या बिळावर नागोबा," ताई म्हणाल्या.

"अगदी! पण पेशीला संशय आला की ती आरडाओरडा करते. शेजारच्या पेशी ऐकतात आणि आपली काही जनुकं चालू करतात. त्यातलं एक जनुक फ्लूच्या विषाणूसाठी पहारेकरी बनवतं. विषाणू आत आला की हा पहारेकरी त्याच्या गाभ्याला मिठी मारतो. प्रती काढूच देत नाही. विषाणूही बेरकी असतो हं. तो आधी ओरडणाऱ्या पेशीचं तोंड दाबायला बघतो, आणि काही विषाणू तर मिठीतून निसटता यावं म्हणून आपलं अंगच बदलतात. हे भांडण लाखो वर्षं चाललंय."

"हं."

"आणि गंमत ऐक. प्रयोगशाळेतल्या बहुतेक पांढऱ्या उंदरांत हे पहारेकऱ्याचं जनुक मोडकं असतं. पिढ्यान् पिढ्या मोडकं. म्हणून ते फ्लूने पटापट मरतात. थोड्या घराण्यांत मात्र ते शाबूत असतं. ते मरत नाहीत."

ताईंच्या हातातली बशी ओली होती. त्यांनी ती पुसली, आणि पुन्हा पुसली.

"समज," त्या म्हणाल्या, "शाबूत असलेल्या घराण्यातले छत्तीस उंदीर घेतले. सगळ्यांना एकच माप दिलं. आणि त्यातले काही मेले. तर?"

"बादलीभर विषाणू ओतलास तर कुणीही मरेल. पण नेहमीच्या मापाने?" नात हसली. "एकाच घराण्यातले असले तर सगळे जगतील, नाहीतर सगळे मरतील. काही जगले, काही मेले, तर मेलेले त्या घराण्यातले नव्हतेच, आजी. कुणीतरी पिंजऱ्यात सरमिसळ केली. शाळकरी चूक आहे."

"हं," ताई म्हणाल्या.

"तुला एवढं कसं गं सुचतं? आमच्या वर्गात कुणी हा प्रश्न विचारला नाही."

"प्राणिघरात नोकरी केली मी. एकोणतीस वर्षं."

"हो की! तू काही सांगतच नाहीस त्याबद्दल. उंदीर चावले का कधी?"

"नाही," ताई म्हणाल्या. "उंदीर नाही चावले."

मंगळवारी त्यांचं कशात लक्ष लागलं नाही. सूनबाई म्हणाल्या, "आई, चहात साखर दोनदा घातलीत." मुलाने शर्ट घातला आणि निघूनही गेला, बटण त्याने पाहिलं नाही. ताईंनी मात्र तो दाराबाहेर जाईपर्यंत त्याकडेच पाहिलं.

पत्ता ठाऊक नव्हता असं नाही. छोट्या मॅडम पुढे मुलींच्या शाळेत शिक्षिका झाल्या, निवृत्त होऊन पुलापलीकडे राहतात, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर, हे ताईंना आठ वर्षं ठाऊक होतं. दर वर्षी नवी वही घेतली की शेवटच्या पानावर त्या तो पत्ता उतरवून काढायच्या, आणि वर्षभर ते पान उघडायच्या नाहीत. एकदा भाजीबाजारात मॅडम समोरून येताना दिसल्या तेव्हा ताई कोबीच्या ढिगामागे वाकल्या होत्या. भाजीवाला म्हणाला होता, "आजी, काही पडलं का?" "हो," असं म्हणून त्यांनी एक कोबी विकत घेतला. ते वहीत आहे. कोबी एक.

बुधवारी दुपारी त्यांनी निळी वही कापडी पिशवीत घातली, वर छत्री ठेवली आणि सूनबाईंना सांगितलं, "पुलापलीकडे जाऊन येते. जुन्या ऑफिसातल्या बाई आहेत."

"एवढ्या उन्हात? उद्या जा की, मी सोडते गाडीवरून."

"उद्या नको," ताई म्हणाल्या. "उद्या माझ्या सोयीचं होईल."

सूनबाईंना काही कळलं नाही. त्यांनी पाण्याची बाटली पिशवीत घातली.

जिना अरुंद होता. दुकानातल्या घड्याळांची टिकटिक पहिल्या मजल्यापर्यंत सोबतीला होती. दुसऱ्या मजल्यावर ताई कठड्याला धरून थांबल्या आणि परत फिरायचा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. हा विचार आपण रात्री लिहायचा, असं त्यांनी ठरवलं, म्हणजे तो लिहिण्याइतका क्षुल्लक होईल. मग उरलेल्या पायऱ्या चढल्या.

दार उघडणाऱ्या बाईंचे केस पांढरे शुभ्र होते, चष्म्याच्या काचा जाड. पण उभं राहणं तेच, गाडी सुटत असल्यासारखं.

"ओळखलंत का?" ताईंनी विचारलं.

"कार्डताई!" छोट्या मॅडमनी दार पुरतं उघडलं. "अहो, या, या. तुम्हाला ओळखायचं नाही तर कुणाला? चाळीस वर्षांत तुमच्याइतकं चांगलं अक्षर पाहिलं नाही मी, आणि हजारो मुलींचे पेपर तपासलेत. जेवलात का?"

ताईंना तिथेच बसावंसं वाटलं, उंबऱ्यावर.

खोली लहान आणि टापटीप होती. एक खाट, दोन खुर्च्या, पुस्तकांचं कपाट, खिडकीत कुंड्या. मॅडमनी चहा टाकला. बोलत राहिल्या. शाळेबद्दल, गुडघ्यांबद्दल, खालच्या घड्याळवाल्याबद्दल. "त्याच्या दुकानात साठ घड्याळं आहेत आणि त्याला कधी वेळेवर दुकान उघडता आलं नाही." ताई हसल्या नाहीत. मॅडमनी चहाचा कप पुढे ठेवला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"काय झालं, ताई?"

ताईंनी वही काढली. खूण घातलेलं पान उघडलं. घरून येताना त्यांनी चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही तोंडात आलं नाही. मग त्यांना जे जमत होतं तेवढंच त्यांनी केलं. वाचायला लागल्या.

"शुक्रवार. रंगाऱ्यांच्या आवाजाने मॅडमच्या मांडणीवरच्या आयांनी रात्रीत अकरा पिल्लं खाल्ली. मुकादमांनी सांगितल्यावरून चौथ्या मांडणीवरची त्याच दिवसाची अकरा पिल्लं मी घातली. भुशात घोळवली. सगळी घेतली गेली. कार्डावर लिहिलं नाही. पहिल्या पिंजऱ्यात..."

"दोन," मॅडम म्हणाल्या.

ताईंनी वर पाहिलं. मॅडम खिडकीकडे बघत होत्या.

"पहिल्यात दोन. तिसऱ्यात चार. चौथ्यात दोन. सहाव्यात तीन. दुसऱ्यात आणि पाचव्यात एकही नाही." त्या थांबल्या. "बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"मेले तसेच मेले होते. पिंजऱ्यागणिक." मॅडमचा आवाज शिकवतानाचा होता, सपाट. "चाळीस वर्षं मी ते आकडे पाठ म्हणतेय. मुलींना परीक्षेला बसवलं की वर्गात फेऱ्या मारता मारता. दोन, चार, दोन, तीन. मला वाटायचं, पहिल्या पिंजऱ्याशी माझा हात का थरथरला? तिसऱ्याशी जास्त का? दुसऱ्याशी का नाही? थेंब मोजताना मी कुठे बघत होते? मी तो दिवस इतक्या वेळा आठवलाय, ताई, की आता त्यातलं खरं काय आणि मी घातलेलं काय, मला सांगता येत नाही."

"तुमचा हात नव्हता थरथरला."

"ते आता कळलं."

खालून बरीच घड्याळं मागेपुढे चार वाजल्याचे टोले देऊ लागली.

"माझी आई," मॅडम म्हणाल्या, "शेवटची सहा वर्षं साखरेच्या आजाराने खाटेवर होती. रोज दोनदा सुई टोचायची. मी शास्त्र शिकलेली मुलगी, आणि शेजारणीला बोलवायची. आई म्हणायची, अगं, तूच टोच की, तुझा हात हलका आहे. मी म्हणायची, नको, माझ्या हाताचा भरवसा नाही. तिला वाटायचं, माझा जीव घाबरतो. भरवसा नाही, हे मी खरंच म्हणत होते." त्यांनी दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि दुसऱ्या कुणाचे असावेत तसे पाहिले. "शेजारीण गावाला गेली की आई दोन दोन तास वाट बघायची."

ताईंना हे ठाऊक नव्हतं. नोकरी गेली, नाव गेलं, शोध दुसऱ्यांनी कुठेतरी लावला, एवढंच त्यांनी आपल्या पापात मोजलं होतं. ही बाई त्यांच्या हिशेबात कधीच नव्हती. खाटेवर बसून दाराकडे कान लावलेली म्हातारी, हात पुढे करून.

"त्या दिवशी साहेबांनी विचारलं तेव्हा," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही मान खाली घातली नाहीत. मी बघत होते. सरळ बघून बोललात. म्हणून मी विश्वास ठेवला."

"मुकादम दाराशी होते. नवरा प्लास्टरमध्ये होता," ताई म्हणाल्या, आणि लगेच म्हणाल्या, "ते कारण नाही. नंतर मुकादम वारले. नवरा चालायला लागला. तरी आले नाही. बाजारात तुम्ही दिसलात तर कोबीमागे लपले."

"कोबीमागे?"

"हो."

मॅडमच्या तोंडून हसू फुटलं, आणि मधेच तुटलं. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि बराच वेळ पुन्हा घातला नाही. "मग आताच का आलात? मी मरायला टेकले असं कुणी सांगितलं की काय?"

"नात म्हणाली की सगळे जगले असते. तिला परीक्षेला आहे. पहारेकऱ्याचं जनुक."

"ते मला ठाऊक आहे. वाचलं मी, छापून आल्यावर. दुसऱ्यांनी शोधलं, नीट शोधलं, मला त्याचं दुःख नाही." त्या क्षणभर थांबल्या. "थोडं आहे. पण ते वाचूनसुद्धा मला वाटलं, त्यांचे उंदीर शाबूत असतील, माझे मी बिघडवले."

चहावर साय धरली होती.

"तुम्ही माफी मागायला आलात का?" मॅडमनी विचारलं.

ताईंनी विचार केला. खोटं बोलायची आता सोय नव्हती. "ती मागायचं तोंड नाही मला. नोंद द्यायला आले."

"मग नोंद ठेवून जा."

ताईंचा हात वहीवर होता. त्रेपन्न वह्यांतली एकही आजवर कपाटाबाहेर गेली नव्हती. नवऱ्यालाही त्यांनी कधी वाचू दिली नाही. या वहीत मुलाचं पहिलं पाऊल होतं, प्लास्टर काढल्यावर नवरा खिडकीपर्यंत चालत गेला तो दिवस होता. ते पान तेवढं कापून द्यावं, असं क्षणभर त्यांना वाटलं. पण पान कापलं की पुन्हा कुणालाही म्हणता येईल, यात आणखी काय होतं कुणास ठाऊक.

त्यांनी अख्खी वही टेबलावर सरकवली.

मॅडमनी ती उघडली नाही. वर हात ठेवला. "वाचून झाली की कळवीन. घाई करणार नाही हं मी. तुम्ही तरी कुठे केली होती?"

"नाही," ताई म्हणाल्या.

दारापर्यंत मॅडम आल्या. "सावकाश उतरा," म्हणाल्या. "दुसऱ्या मजल्याची तिसरी पायरी उंच आहे." पुन्हा या, असं म्हणाल्या नाहीत. दार लावून घेतल्याचा आवाज मात्र ताईंना पहिल्या मजल्यापर्यंत आला नाही.

घरी आल्या तेव्हा नात पुस्तकात डोकं घालून बसली होती. "आजी, तुझी छत्री?" तिने विचारलं. छत्री तिथेच, खुर्चीच्या पाठीला राहिली होती. ताईंनी पाय धुतले, स्वयंपाकघरात गेल्या आणि झाकलेल्या पातेल्यातून आंबूस वास आला. त्यांनी झाकण उचलून पाहिलं, खिडकी उघडली, मग टेबलाशी बसून या वर्षीची वही उघडली.

बुधवार, १८ मार्च. दुपारी पुलापलीकडे गेले. दुसऱ्या मजल्यावरून परत फिरावं असं मनात आलं होतं. सांगितलं. निळी वही त्यांच्याकडे आहे. त्यांच्या आईबद्दल कळलं. छत्री तिथे राहिली. सोमवारी भिजत घातलेले वाटाणे विसरले होते, दोन वाट्या. आंबले. टाकले आणि पातेलं घासून पालथं घातलं.